वाद्यांची मुळाक्षरं



संगीताचे कोश मी वाचनालयात बसून चाळलेत. जाड पुठ्ठ्याचे. त्यांत वीणा सापडते, तानपुरा सापडतो, घराण्यांच्या वंशावळी सापडतात. हलगी सापडली तर दोन ओळींत. ती वाजवणारा माणूस तर सापडतच नाही. म्हटलं, आपली मुळाक्षरं आपणच लिहू.

मी शिकलेला माणूस नाही. थळला राहतो, भातगिरणीत पट्ट्यावर उभा असतो, रात्री कविता लिहितो. सूर कुठला, श्रुती किती, ते मला विचारू नका. मी प्रत्येक वाद्याला, प्रत्येक गाण्याला आणि आवाज साठवायच्या प्रत्येक यंत्राला तीनच प्रश्न विचारतो. कातडं कुणी कमावलं? हात कुणाचा? आणि नाव कुणाचं लागलं?

मुळाक्षरांचाच क्रम का? अक्षरं आपल्याला फार उशिरा मिळाली, म्हणून. क्रम आपण मोडून नाही, वापरून दाखवायचा. सगळी अक्षरं भरलेली नाहीत. रिकामी तुम्ही भरा.

आ – आकाशवाणी

१९२७ साल आपल्याला महाडमुळे पाठ आहे. २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तेव्हा हा जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ सालचं. त्याच १९२७ च्या २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. चार महिन्यांच्या अंतरानं पाणी सगळ्यांचं झालं आणि हवाही सगळ्यांची झाली, असं वाटावं. पण हवेवर कुणाचा आवाज सोडायचा हे ठरवणारे आत बसलेले होते. ३ ऑक्टोबर १९५४ ला बाबासाहेबांचं भाषण आकाशवाणीवरून गेलं. स्वातंत्र्य, समता, बंधुता आपण राज्यशास्त्रातून नाही, धर्मातून, बुद्धाकडून घेतली, हे त्यांनी त्या भाषणात सांगितलं.

ओ – ओवी

हिला वाद्य एकच. जातं. दगडाची घरघर हाच ठेका, दगडाची घरघर हाच सूर. पहाटे दळणाऱ्या बाईला ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं खरं ते सांगितलं. सासर, भूक, भाऊ, आणि पुढं बाबासाहेब. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी' या संस्थेच्या संग्रहात आहेत. त्यांची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट अशी, की ओवीखाली बाईचं नाव आणि गाव आहे. लोकगीत म्हणून सोडून दिलं नाही.

आता हेही सांगतो. जातं बंद पाडलं ते गिरणीनं. मी जिथं कामाला आहे तसल्याच शेडनं. बायांचे हात सुटले हे चांगलंच झालं. पण हातासोबत गाणंही सुटलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक सांगून दुसरी लपवायची नाही.

क – कव्वाली, कॅसेट

कव्वाली सुफींची, दर्ग्यातली. मुंबईच्या चाळींत ती आपल्याकडे आली आणि भीमकव्वाली झाली. दोन पार्ट्या, समोरासमोर मंच, सवाल-जवाब, आणि पहाट होईस्तोवर सामना. पेटी, ढोलक, बेंजो, आणि मागच्या माणसांची टाळी. टाळीला काही खर्च नाही, ती कुणी जप्तही करू शकत नाही. श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही त्या रात्रींची नावं. मुसलमानाची चाल, बौद्धाचे शब्द, आणि ऐकायला अख्खी चाळ. वेगळी एकात्मता परिषद भरवायची गरज पडली नाही.

कॅसेट फिलिप्स कंपनीनं १९६३ साली काढली. आपल्याकडे तिचा पूर आला १९८० नंतर. त्याआधी रेकॉर्ड काढायची तर मोठ्या कंपनीचं दार, तिथला साहेब, त्याची मर्जी. कॅसेटला एक साधं यंत्र पुरे झालं. हिशोब बघा. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर पळते. म्हणजे आत साधारण ८६ मीटर फीत. त्या ८६ मीटरमध्ये अख्खा पोवाडा मावायचा. प्रल्हाद शिंद्यांचा आणि पुढं आनंद-मिलिंदचा आवाज एस.टी. स्टँडवरच्या टपरीपर्यंत नेला तो तिनंच.

पण खारी हवा वाईट. आपल्या किनाऱ्यावर जुन्या कॅसेटच्या फितीला पांढरी बुरशी चढते. आज किती घरांत माळ्यावर पत्र्याच्या पेटीत हा आवाज कुजतोय, मोजा.

ख – खालूबाजा

कोकणातला हा बाजा. ढोल, टिमकी, सनई, झांज. पालखी निघाली की हा पुढं. आमच्या घरात पणजोबांकडे ढोल होता. वाजवायची मजुरी म्हणजे सुपातलं धान्य, तेही उंबऱ्याबाहेरून. आणि वाजवणार नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ती कला धरलेली नव्हती, गावकीचं काम धरलेलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि पुढं गावोगाव अनेकांनी हे वाजवणं बंद केलं. पणजोबांनीही केलं. आजा सांगायचा, ढोल खुंटीवरून काढला आणि पुन्हा टांगला नाही. गावकीची असली कामं ज्या वतनाला बांधलेली, ते वतन कायद्यानं गेलं १९५८ साली. त्यावरचं पहिलं विधेयक बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात आणलं होतं. तीस वर्षं लागली.

आता वस्तीत वाद आहे. तरुण म्हणतात, ढोल आपला होता, परत घेऊ. म्हातारे म्हणतात, गुलामी परत घेता काय? मला दोघांचंही पटतं, म्हणून नीट बोलतो. पणजोबांनी आवाज नाकारला नाही, हुकूम नाकारला. हुकूम गेला असेल तर आवाज आपलाच आहे. तामिळनाडूत परई नावाचं वाद्य असंच मयतीला दलितांकडून सक्तीनं वाजवून घेत. पुढं तिथल्याच पोरापोरींनी ते मंचावर, मोर्चात आणलं. वाद्य तेच. वाजवायला कोण सांगतंय ते बदललं. पण ज्यांनी ढोल टाकला त्यांच्या टाकण्याचाही मान राहिला पाहिजे. तो आपल्या इतिहासातला मोठा आवाज आहे. न वाजलेला.

च – चौंडकं

यल्लमाच्या जोगतिणीच्या काखेतलं वाद्य. पोकळ नळा, एका तोंडाला कातडं, त्यातून ओवलेली तार. ऐकायला गोड. पण त्या तारेला पोरी बांधल्या गेल्या, आणि त्यातल्या बहुतेक आपल्या घरातल्या. जून १९३६ मध्ये मुंबईत देवदासी, जोगतिणी, वाघ्या-मुरळी, पोतराज यांच्या सभेत बाबासाहेब बोलले, ते हे जगणं सोडा म्हणूनच. मुंबई इलाख्यात देवदासीप्रथेविरुद्ध कायदा झाला १९३४ ला. महाराष्ट्राला पुन्हा नवा कायदा करावा लागला २००५ साली. सत्तर वर्षांनी पुन्हा कायदा करावा लागतो, यातच काय ते समजा. लोककला महोत्सवात चौंडक्यावर टाळ्या वाजवताना ही दोन सालं आठवा.

ज – जलसा

जोतीराव गेले १८९० ला. त्यानंतर सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेऊन जलसा उभा केला, आणि आंबेडकरी जलसा त्याचा पुढचा भाऊ. तमाशाची सुरुवात गणानं, म्हणजे गणपतीच्या स्तवनानं. मग गवळण, म्हणजे कृष्ण आणि अडवलेल्या गवळणी. मग वग. आपल्या जलसाकारांनी साचा ठेवला आणि माल बदलला. गणातला गणपती काढला. गवळणीतली थट्टा काढली. बाई नाचवायची नाही, हे ठरवलं. वगात सावकार, भटजी, शाळेत न जाणारं पोर, मेलेल्या ढोराचं मांस सोडणारा बाप हे आले. हसवत हसवत माणूस जागा करायचा.

नाशिककडच्या भीमराव कर्डकांचं यातलं काम मोठं. १९७८ साली त्यांनी या जलशांवर पुस्तकही लिहिलं. करणाऱ्यानंच इतिहास लिहिला, म्हणून तो उरला. प्रत्येक कार्यकर्त्यानं भिंतीवर लिहावी अशी ही गोष्ट आहे.

ड – डफ

गोल कडं, एका बाजूला कातडं, डावा हात धरायला, उजवा मारायला. शाहिराचं ओळखपत्र. याच डफावर राजांच्या लढाया गायल्या गेल्या आणि याच डफावर कामगारांचे संप. डफाला कसलाच पक्ष नाही. म्हणून तर ज्याला पक्ष आहे त्यानं तो हातात घ्यायचा.

ढ – ढोलकी

शाळेत 'ढ' म्हणजे मठ्ठ. मागच्या बाकावरची आमची पोरं 'ढ' ऐकतच मोठी झाली. आमच्या मुळाक्षरांत ढ म्हणजे ढोलकी. लाकडाचं खोड आतून कोरायचं, दोन तोंडांना बकऱ्याचं कातडं. एका पानाला काळी शाई घोटून घोटून बसवायची, तेव्हा ते टणटणीत बोलतं. दुसऱ्या पानाला आतून मसाला, तेव्हा ते घुमतं. शाईचा थर थोडा जाड-पातळ झाला तर सूर गेला. हे ज्ञान पुस्तकात नाही, बोटांत आहे. ज्याच्या बोटांत एवढं गणित, तो मठ्ठ कसा?

त – तबकडी

भारतात आवाज पहिल्यांदा व्यापारासाठी तबकडीवर घेतला गेला नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. यंत्र घेऊन आलेला माणूस फ्रेड गैसबर्ग. गायलेल्यांत गौहर जान. गाणं संपताच ती स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगायची. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिराला लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून. बाईनं आपलं नाव मेणात कोरून घेतलं. मागं तबला, सारंगी वाजवणाऱ्यांना मात्र नाव सांगायला कुणी लावलं नाही.

७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीत एका बाजूला तीनच मिनिटं. रात्रभराची लावणी तीन मिनिटांत चेपली. मुखडा आणि दोन अंतरे. आज सिनेमातलं गाणं एवढंच का असतं, त्याचं एक मोठं कारण त्या तबकडीत आहे. यंत्र नुसतं साठवत नाही, कापतंही.

आणि ती तबकडी कशाची? लाखेची. झाडावरच्या किड्याची लाख, जंगलात आदिवासींनी गोळा केलेली. इथं जरा थांबा. गौतम धर्मसूत्रात शूद्रानं वेद ऐकला तर शिक्षा काय लिहिली आहे? त्याच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओतावी. लाख! जी कान बुजवायला सांगितली होती, त्याच लाखेची तबकडी झाली आणि जो कान लावेल त्याला ऐकवू लागली. जात न विचारता. याला मी यंत्राचा विद्रोह म्हणतो. अर्थात यंत्राला ते माहीत नव्हतं, आणि ग्रामोफोन विकत घेण्याएवढे पैसेही आपल्याकडे नव्हते. हॉटेलाच्या बाहेर उभं राहून ऐकायचं. पण ऐकायचं.

थ – थळ

आमचं गाव. अलिबागच्या उत्तरेला, समोर खांदेरी आणि उंदेरी. १६७९ साली शिवाजीराजांनी खांदेरी बांधायला घेतली तेव्हा मायनाक भंडारी इंग्रजांच्या आरमाराशी लढला आणि रसद थळच्या किनाऱ्यावरून गेली. २०२५ साली खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्या बेटावर एक दगड आहे. दुसऱ्या दगडानं ठोकला की धातूसारखा वाजतो. लोक कोळ्यांच्या होडीतून जातात, ठोकून बघतात, हसतात. मला ते वाद्य फार आवडतं. त्याला कातडं नाही, म्हणून कमावणारा नाही. म्हणून विटाळही नाही. वाजवायला आलेल्या माणसाला तो काही विचारत नाही.

गावाला दुसराही आवाज आहे, खताच्या कारखान्याचा. १९८५ पासूनचा. आणि तालुक्याला तिसरा, जुना. चरीच्या कुळांचा संप, १९३३ ते १९३९. नारायण नागू पाटील पुढं होते, बाबासाहेब पाठीशी होते, आणि १९३७ साली त्यांनी खोती मोडायचं विधेयक विधिमंडळात मांडलं. आगरी कूळ आणि महार कूळ एका बाजूला उभं राहू शकतं, हे इथल्या मातीनं पाहिलंय. जयंतीची मिरवणूक आणि पालखी यांवरून भांडणाऱ्यांना हे सांगत चला.

द – दिमडी

वाघ्याच्या हातातली छोटी, डफाची धाकटी बहीण. हिला घोरपडीचं कातडं लागायचं. पातळ आणि चिवट. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपड मारणं गुन्हा झाला, ते बरोबरच. आता दुसरं कातडं किंवा प्लॅस्टिक चढवतात. म्हणजे परंपरा बदलत नाही म्हणणाऱ्यांनी दिमडी बघावी. घोरपडीसाठी बदलते. माणसासाठी बदलायला मात्र तिला हजार वर्षं कमी पडतात.

ध – धवला

आपल्या शेजारच्या आगरी-कोळी घरांतली लग्नाची गाणी. ती गाणारी धवलारीण. वाद्य काही नाही, नुसता गळा, आणि लग्नाचा विधी तिच्या गाण्यावर पुढं सरकतो. मंत्र बाईच्या तोंडी! आणि तेही मराठीत. धवला लिहिला कुणी, कुणाला ठाऊक नाही. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे आला. शेजाऱ्याचं गाणंही आपल्या वहीत असावं. इतिहास नुसता आपलाच गोळा केला तर तो अर्धा होतो.

न – नाममुद्रा

छापखाना नव्हता, कॉपीराइट नव्हता. तरी चोखोबांचा अभंग सातशे वर्षांनी चोखोबांचाच राहिला, कारण शेवटच्या कडव्यात नाव ओवलेलं आहे. सोयराबाई तर आपली सही चोख्याची महारी अशी करते. जातीचं नाव खाली मान घालून नाही, सही म्हणून. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून चोखोबा गेले, असं सांगतात. वेठीवर गेला माणूस. भिंत कुणी बांधली ते भिंतीवर लिहिलेलं नाही. अभंग कुणी रचला ते अभंगात आहे. यातून काय शिकायचं ते सांगायला नको.

प – पेटी

हार्मोनियम फ्रान्सची. अलेक्झांडर दबेन यानं १८४२ साली तिचं पेटंट घेतलं. पायानं भाता मारायची ती पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास मांडी घालून, एका हातानं वाजवायची केली. मग ती कीर्तनात गेली, तमाशात गेली, कव्वालीत गेली. तेवढ्यात शुद्धतावाल्यांना आठवलं, की ही परदेशी, हिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. ती उठायला साधारण तीस वर्षं लागली. एक वाद्य तीस वर्षं वाळीत! आम्हाला आश्चर्य नाही वाटलं. वाळीत टाकायची सवय जुनी आहे, माणसं संपली की वस्तूंवर येते. त्या तीस वर्षांत पेटी जगली ती चाळीत, वाडीत, आणि आपल्या जलशात.

ब – बेंजो

कोकणात आणि मुंबईत ज्याला आपण बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला बँजो नाहीच. तो बुलबुलतरंग, आणि मूळ जपानचा. १९१२ च्या सुमारास नागोयात गोरो मोरिता यानं ताईशोगोतो नावाचं वाद्य काढलं. तारांवर टाइपराइटरसारखी बटणं. ते जहाजानं हिंदुस्थानात आलं. आपल्या पोरांनी त्याला वीज जोडली, कर्ण्याला लावलं, आणि हळदीपासून जयंतीपर्यंत बेंजो पार्टी सुरू. ना गुरू, ना घराणं, ना गंडाबंधन. बटणांवर आकडे टाकायचे आणि शिकायचं. ज्याला गुरुकुलात जागा नव्हती त्याला या वाद्यानं बाकावर बसवलं. मी ह्याला संगीतातली रात्रशाळा म्हणतो.

म – मोबाईल

आता आवाज साठवायला पैसे नाहीत लागत. खिशात स्टुडिओ आहे. कॅसेटनंतर सीडी आली, मग मेमरी कार्ड. दुकानदार पन्नास रुपयांत हजार भीमगीतं भरून द्यायचा. गाणी हजार आली, पण लेबल गेलं. लिहिलं कुणी, ढोलकी कुणाची, साल कुठलं, काहीच नाही. 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२'.

माझंच सांगतो. मी एक गाणं लिहिलं, वस्तीतल्या पोरांनी गायलं, मोबाईलवर घेतलं. दोन वर्षांनी तेच गाणं एका चॅनलवर दिसलं, खाली दुसऱ्याच गीतकाराचं नाव. फोन केला तर म्हणाला, भीमगीत समाजाचं असतं, तुझं-माझं काय करतोस? समाजाचं असतं हे खरं. मग त्याखाली तुझं नाव कसं रे?

ल – लावणी

पठ्ठे बापूराव जन्मानं ब्राह्मण, मूळ नाव श्रीधर कृष्णा कुलकर्णी. पवळा जन्मानं महार. एकानं लिहिलं, एकीनं गायलं-नाचलं, आणि त्या जोडीनं तमाशाचा एक काळ गाजवला. नाव जास्त कुणाचं राहिलं? पुस्तकं उघडून बघा. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी देऊ केलेले तमाशाचे पैसे बाबासाहेबांनी घेतले नाहीत, असा इतिहास सांगितला जातो. आपल्या बायांच्या नाचाच्या पैशावर आपल्या इज्जतीची लढाई लढायची नाही, हा त्याचा अर्थ. मान्य. पण त्या नकारानं पवळेची कला लहान होत नाही. बाजार नाकारा, बाई नाकारू नका. आपल्या चळवळीत हा फरक अजून नीट झालेला नाही. चर्चा व्हायला पाहिजे.

व – वामनदादा

वामन कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर. मुंबईत मजुरी. अक्षरं शिकले ती मोठेपणी. १९४३ पासून १५ मे २००४ ला मरेपर्यंत गाणं. हजारो गाणी, आणि अनेकांत शेवटी वामन ही सही. चोखोबांचीच रीत. त्यांनी गाण्यासाठी सिनेमाची चाल घेतली, लोकगीताची घेतली, गझल घेतली. लोक नाक मुरडतात, चाल उसनी म्हणून. अरे, पाणवठाही उसनाच होता. तळ्यावर जाऊन आपला केला.

श – शाहीर

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊ मुंबईत आले ते वाटेगावाहून पायी. गिरणीत राबले. ते आणि अमर शेख दोघंही १९६९ साली गेले, जुलै आणि ऑगस्टमध्ये, दीड महिन्याच्या अंतरानं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, दहा माणसं गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरेनं गळफास घेतला. आनंद पटवर्धनांच्या 'जयभीम कॉम्रेड' या २०११ च्या चित्रपटात तो आवाज उरलाय. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले आणि गेले.

मी मरणाचं कौतुक करत नाही. शाहीर मेल्यावर पुतळा आणि जिवंतपणी उधारी, हे बंद झालं पाहिजे. जयंतीच्या वर्गणीत डीजेला किती आणि शाहिराला किती, एवढा एक कागद यंदा प्रत्येक मंडळानं फलकावर लावावा.

ह – हलगी

कातडं कमावलं ढोरानं. वाजवली मांगानं. नाचला गाव. आणि मारुतीच्या पारावर चढायची वेळ आली तेव्हा हलगीवाला खाली. एका गोल कड्यात अख्खी जातव्यवस्था ताणून बसवलेली आहे. वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकतात. कातडं आखडतं, मग आवाज कडक येतो. एक काडी जाड, एक बारीक. बारीक काडी बोलते, जाड काडी ठणकावते. मोर्च्यात हलगी पुढं लागली की पाय आपोआप जुळतात, घोषणा द्यावी लागत नाही. आपल्यात अजून महार-मांग वेगळे बसतात. निदान हलगीच्या मागं तरी एका रांगेत चाला.

ज्ञ – ज्ञ

मुळाक्षरांतलं शेवटचं. दोन अक्षरं एकमेकांत मिसळून झालेलं, ज आणि ञ. मला ते जलसा आणि ज्ञान असं दिसतं. दोन्ही एकत्र आल्याशिवाय उच्चार होत नाही.

म्हणून काम सांगतो. एक वही घ्या. वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या वादकाकडे, जात्यावर गायलेल्या आजीकडे, जुन्या कव्वाली पार्टीच्या कोरसवाल्याकडे जा. मोबाईल चालू करा आणि आधी त्याला त्याचं नाव विचारा, मोठ्यानं, गौहर जाननं सांगितलं तसं. मग गाव. मग साल. मग ढोलकी कुणी बनवली, पेटी कुठून आणली, किती बिदागी मिळाली, कुठं हाकलून दिलं. मग गाणं. माळ्यावरची कॅसेट उतरवा, बुरशी पुसा, चालेल त्या यंत्रावर एकदा लावून आवाज उतरवून घ्या. एक प्रत तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावात. एकाच घरात ठेवू नका. पूर येतो, आग लागते, आणि घरातली माणसं रद्दी विकतात.

कातडं आपलं होतं, हात आपला होता. नाव लिहायचं बाकी आहे. ते कोशवाल्यांवर सोपवू नका. पुढचा अंक निघेल तेव्हा प्रत्येकाकडून निदान एक नाव यावं.

जयभीम.